खोलीचा सूर

प्रत्येक खोलीला स्वतःचा एक सूर असतो. आमच्या बैठकीच्या खोलीचा सूर काळी तीनच्या जवळपास आहे, पण पेटीवर तो शोधायला गेलात तर सापडणार नाही. पेटीच्या डाव्या टोकाच्याही खाली, ४७ हर्ट्झला तो दबा धरून बसलेला असतो. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-ठाण्याच्या असंख्य फ्लॅटमध्ये असते तशीच. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं जे अंतर, त्याच्या दुप्पट लांबीची लाट त्या भिंतींमध्ये नेमकी बसते. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे बसणारी लाट ४७ हर्ट्झची निघते. रुंदीच्या बाजूने ५६, आणि छत साडेनऊ फुटांवर असल्यामुळे उभ्या दिशेने ५९. गाण्यात या सुरांपैकी एखादा आला की भिंती तो झेलतात आणि पुन्हा पुन्हा एकमेकींकडे टाकत राहतात. वाजवणारा थांबलेला असतो, खोली वाजतच असते.

स्पीकर घरी आणून पहिल्यांदा गाणं लावलं की पुष्कळांच्या वाट्याला निराशा येते ती या सुरांमुळे. दुकानात मोकळं, स्वच्छ वाजलेलं गाणं घरी घुमायला लागतं. छातीवर दाब आल्यासारखं होतं, कानाला दडा बसल्यासारखं वाटतं. मग पहिला संशय स्पीकरवर, दुसरा ॲम्प्लिफायरवर. फार थोड्या जणांचा संशय भिंतींवर जातो, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. दुकानाची खोली मोठी असते, समोर काचेचं दार उघडं असतं, आत खोक्यांच्या चळती असतात. आपलं घर म्हणजे विटा-काँक्रीटची बंद पेटी. खालच्या पट्टीतल्या आवाजाला तिच्यातून बाहेर पडायला वाट नसते आणि आत मुरायलाही जागा नसते.

हे घुमणं सगळ्या खर्जाला सारखं लागत नाही, आणि कान बिघडवणारी गोष्ट खरी तीच. सगळाच बेस थोडा जास्त असता तर बटण फिरवून काम झालं असतं. पण खोली निवडक सुरांनाच उचलून धरते. जुन्या हिंदी चित्रपटगीतात बेस गिटारची चाल नीट लक्ष देऊन ऐका. तिची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला लागलेली असते, आणि तिथून ती एकेक पायरी चढत वर येते. वादकाने प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने वाजवलेला असतो. आमच्या खोलीत मात्र मधला एक स्वर अंगावर येतो आणि पुढचा जवळजवळ नाहीसा होतो. वादकाचा तोल खोलीने मोडलेला असतो.

डग्ग्याचं तर फारच नुकसान होतं. तबलजी ‘घे’ काढून मनगटाचा दाब पुढे सरकवतो तेव्हा सूर खालून वर ओढला जातो. ती मींड साधायला माणसाची वर्षं जातात. हा खेळ साधारण शंभर हर्ट्झच्या आगेमागे चालतो, आणि आमच्या खोलीचे दुपटीतले सूर ९४, ११३ आणि ११९, म्हणजे नेमके त्याच वाटेवर उभे. मींड त्यांच्यापैकी एकापाशी आली की एकदम फुगते, पुढे गेली की आक्रसते. जी रेघ सलग असायला हवी तिला गाठी पडतात. तानपुऱ्याचंही तेच. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ७३ हर्ट्झला लागते, आणि लांबी-रुंदीच्या चारही भिंती मिळून आमच्या खोलीत जो एक तिरपा सूर तयार होतो तोही ७३ चाच. हा तिरपा सूर सरळ समोरासमोरच्या सुरांइतका जोरकस नसतो, तरी चार तारांच्या आवर्तनात चौथी तार दर खेपेला जडच येते. जवारीचं ते बारीक, सतत फिरत राहणारं तेज त्या जडपणाखाली दबून जातं.

आपल्या संगीतात खर्ज काबूत ठेवायची रीत जुनी आहे. भजनाला बसलेला मृदंगवादक डाव्या तोंडावर ओली कणीक लावतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. कणीक वाढली की सूर उतरतो, कमी केली की चढतो. तबल्याच्या शाईमागचं शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं: कातड्यावर मधोमध वजन दिल्यामुळेच चर्मवाद्याचे उपस्वर एका सुरात बसतात, नाहीतर ते विस्कळीत राहतात. म्हणजे इथे खर्ज कधीच नुसता जोर म्हणून आलेला नाही. तो तोलून-मापून, बाकीच्या स्वरांशी जुळवून घेऊन येतो. एवढ्या मेहनतीने जुळवलेली गोष्ट आपण घरी आणतो आणि दोन भिंतींच्या हवाली करतो.

उपाय सुरू होतो तो उठून खुर्ची हलवण्यापासून. भिंतीपाशी खालच्या सुरांचा दाब सर्वांत जास्त असतो, कोपऱ्यात तर तीन बाजूंचा दाब एकवटतो. लांबीच्या दिशेचा जो पहिला सूर, तो खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. मराठी घरातला सोफा मात्र भिंतीला टेकलेलाच असतो, आणि स्पीकर शोकेसच्या दोन बाजूंना कोपऱ्यांत सारलेले. यात कोणाची चूक नाही. बारा फुटांच्या खोलीत माणसांना ये-जा करायची असते, संध्याकाळी मुलांना जमिनीवर पसरून अभ्यास करायचा असतो, पाहुणा आला तर त्याची गादी घालायची असते. पण आवाजाच्या हिशेबाने ही मांडणी सर्वांत वाईट. ज्या जागेतून खर्ज सर्वांत जोराने उठतो तिथे स्पीकर, आणि जिथे तो सर्वांत जोराने पोहोचतो तिथे कान. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढून ऐका. तेच गाणं, तेच बटण, तरी घुमणं लक्षात येण्याइतकं उतरतं.

स्पीकर भिंतीपासून पुढे आणले की आणखी उतरतं, पण इथे जपून पावलं टाकावी लागतात. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज समोरून निघालेल्या आवाजाला एका ठरावीक सुरावर मारतो. अंतर एक मीटर असेल तर हा खड्डा ८६ हर्ट्झच्या जवळ पडतो. तिथे स्त्री-पुरुषांच्या आवाजाची नाही तरी डग्ग्याची बरीच कमाई असते. म्हणून एक फूट, सव्वा फूट, दीड फूट असं करत, प्रत्येक वेळी बसून ऐकत जायचं. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून आणि मागच्या भिंतीपासून अंतरं सारखी असू नयेत, हेही पाहायचं. सारखी असली की सगळे खड्डे आणि सगळे उंचवटे एकाच ठिकाणी येतात. ज्यांच्याकडे वेगळा सबवूफर आहे त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बेसची चाल चालू ठेवायची, आणि आपण भिंतीकडेने ओणवं होऊन फिरायचं. ज्या ठिकाणी सगळे स्वर सारखे ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली दोघांना सारखंच वागवते, या नियमावर हे चालतं.

खोलीची मर्यादा कळलेल्या लोकांनी स्पीकर कसे बनवले, हेही पाहण्यासारखं आहे. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत पूर्ण बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. आत कोंडलेली हवाच वूफरच्या पडद्याला आधार देते, आणि एका मर्यादेखाली त्याचा खर्ज हळूहळू, सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. मागे किंवा पुढे भोक असलेल्या पेटीचा खर्ज खालपर्यंत भरदार राहतो, पण एकदा उतरू लागला की दुप्पट वेगाने कोसळतो. मोठ्या दिवाणखान्यात भोकाची पेटी शोभते. लहान खोलीत भिंती स्वतःच खर्जात भर घालतात, तिथे बंद पेटीचा सावकाश उतार त्या भरीला तोलून धरतो. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा छोटासा, बंद पेटीचा स्पीकर घडवला. गाडीत मोठा बेस काय कामाचा, तिथे निवेदकाचा आवाज खरा ऐकू यायला हवा होता. तोच स्पीकर पुढे जगभर लहान घरांमधून वाजत राहिला. ज्यांच्याकडे भोकाचा स्पीकर आधीच आहे त्यांनी भोकात स्पंजचा बोळा किंवा गुंडाळलेला मोजा घालून पाहावा. अनेक कंपन्या यासाठी स्पंजचं बूच स्पीकरसोबतच देतात आणि ते खोक्यातच राहून जातं.

आता आवाज शोषून घेणाऱ्या गादीची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे बोललेलं समजतच नसे. एक शब्द विरायच्या आत पुढचे शब्द त्यावर येऊन पडत. १८९५ मध्ये हे काम वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या ते आणि त्यांचे मदतनीस रात्री उचलून आणत, सगळं शांत झालं की ऑर्गनची नळी वाजवत, ती थांबल्यावर आवाज किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजत, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवत. किती गाद्यांनी किती आवाज शोषला याचं मोजमाप त्या रात्रींमधून निघालं आणि सभागृहांच्या ध्वनिशास्त्राला त्यातून पाया मिळाला. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्यांच्याच हिशेबांवर उभा आहे. एक माणूस मध्यरात्री गाद्या वाहतो आहे, कशासाठी, तर बोललेला शब्द मागच्या रांगेत बसलेल्याला कळावा म्हणून. मला या कामाबद्दल अपार आदर वाटतो.

पण सॅबाइन यांची नळी ५१२ हर्ट्झची होती. तिची लाट दोन-सव्वादोन फुटांची. गादी तिला सहज गिळते. ४७ हर्ट्झची लाट सात मीटरहून लांब आहे, आणि मऊ वस्तूने ती पुरी शोषायची तर त्या वस्तूची जाडी लाटेच्या पाव भागाएवढी, म्हणजे जवळजवळ सहा फूट लागते. म्हणूनच भिंतीवर चिकटवलेले अंड्याच्या ट्रेसारखे स्पंज, पडदे, गालिचा हे सगळं खर्जाच्या बाबतीत निरुपयोगी ठरतं. उलट त्यांनी वरचा आवाज शोषला जातो, गाण्यातलं तेज जातं, आणि जो खर्ज आधीच जड होता तो तुलनेने आणखी जड वाटू लागतो. पैसे खर्च करून खोली बिघडवायची ही वाट आज सर्रास चोखाळली जाते. त्यापेक्षा कोपरा भरावा. आपल्या घरांत कोपऱ्यात गाद्यांची चळत असायची, पलंगावर नाहीतर पेटाऱ्यावर रचलेली, वर चादर टाकलेली. पिंजारी येऊन कापूस पिंजून गेला की ती हातभर उंच व्हायची. कापसाच्या चार-पाच जाड गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या तर त्या खोल खर्जाला पुऱ्या पडत नाहीत, पण शंभर हर्ट्झच्या वरचं घुमणं कमी करतात. डग्ग्याची मींड पुष्कळशी सावरते. त्याहून खाली पोहोचायचं तर कोपऱ्यात छतापर्यंत रॉकवूलची भरपूर जाड भर घालावी लागते, आणि लहान घरात तेवढी जागा द्यायची का हे घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं.

सॅबाइन यांनी शोषणाचं माप म्हणून उघडी खिडकी धरली होती. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषक. कोकणातल्या आमच्या कौलारू घरात हेच स्पीकर लावले तेव्हा मला याचा अर्थ कळला. वर कौलांच्या फटी, दारं सताड उघडी, माजघर आणि पडवी यांच्यामध्ये भिंत नुसती खांद्याइतकी. तिथे खर्ज घुमतच नव्हता. तो वाजायचा आणि निघून जायचा, अंगणात, पोफळीत. बेस गिटारचे सगळे स्वर तिथे एका ओळीत उभे होते. फ्लॅटच्या खिडक्या उघडल्या तरी थोडा असाच फरक पडतो, पण फ्लॅटमधून निघून जाणारा खर्ज पोफळीत जात नाही, शेजाऱ्याकडे जातो.

खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “अरे, तुझं गाणं मला ऐकू येत नाही रे, नुसतं धब्‌ धब्‌ येतं. गाणं आलं असतं तर मी बसून ऐकलं असतं.”

“काकू, काय लावलेलं असतं ते खाली कळतं का?” मी विचारलं.

“कपाटातले पेले किणकिणतात तेवढं कळतं. बाकी काही नाही.”

काकूंनी चार वाक्यांत भौतिकशास्त्र सांगितलं होतं. भिंतीची आवाज अडवण्याची ताकद तिच्या वजनावर आणि सुराच्या उंचीवर ठरते. सूर एक सप्तक खाली आला की ही ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. गायकाचा आवाज, सारंगी, शब्द, हे सगळं स्लॅबमध्येच थांबतं, आणि पलीकडे जातो तो फक्त ठोका. आपण ऐकत असतो यमन, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला येतो यमनचा दणका. म्हणून खोलीतला जादा खर्ज हा माझ्यापुरता आवडीनिवडीचा प्रश्न मला वाटत नाही. तो शेजारधर्माचाही प्रश्न आहे. उत्सवांच्या दिवसांत डीजेच्या भिंतींसमोर लहान मूल कडेवर घेऊन उभी असलेली बाई मी पाहिली आहे, मुलाच्या कानावर एक हात ठेवलेला. कानांवर हात ठेवून खर्ज अडत नाही, तो छातीतूनही आत जातो.

रात्रीचं गाणं हा आणखी एक पेच. आवाज हळू केला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले, आणि ॲम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ लिहिलेलं बटण त्यातूनच आलं. हळू आवाजात ते खर्ज वाढवून देतं, तोवर ठीक. सकाळी आवाज मोठा करताना ते तसंच चालू राहिलं की खोली पुन्हा दणाणते. घरी कोणी घुमण्याची तक्रार केली तर मी आधी हे बटण पाहतो.

शेवटी इक्वलायझर. तो शेवटीच यावा असं माझं ठाम मत आहे. खुर्ची हलवली, स्पीकर हलवले, कोपरा भरला, तरी एखादा सूर डोकं वर काढतोच. आमच्याकडे तो ४७. फोनवर साधं ध्वनिमापक ॲप असलं आणि खालून वर चढत जाणारा एकच सूर वाजवला तर तो नेमका सापडतो. तेवढाच अरुंद पट्टा चार-सहा डेसिबलने खाली आणायचा. उंचवटा असा कापता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही, कारण जिथे दोन लाटा एकमेकींना मारत आहेत तिथे जितका जोर वाढवाल तितकाच जोर उलट बाजूनेही वाढतो. ॲम्प्लिफायर तापतो, वूफर ताणला जातो आणि खड्डा जागच्या जागी राहतो.

एवढं सगळं करून मिळतं काय? खर्ज कमी होतो, हे उत्तर अर्धवट आहे. खालचा जोरकस सूर कानात वरच्या सुरांना झाकतो; उलट तेवढ्या प्रमाणात घडत नाही. त्यामुळे घुमणं उतरलं की वरचं असं काही उघडं पडतं जे आजवर ध्वनिमुद्रणात होतंच. गायकाने तान घेण्याआधी भरलेला श्वास. तबल्याच्या किनारीवर बोट पडल्याचा कोरडा टिचकारा. दोन तानपुरे एकमेकांशी किंचित वेगळे लागलेले असतात, तो मधला तरंग. मागे बसलेल्या शिष्याने हलकेच धरलेला षड्ज. हे सगळं ऐकताना मला त्या ध्वनिमुद्रणात बसलेल्या माणसांबद्दल नव्याने प्रेम वाटलं.

आणि खर्ज त्यामुळे हरवत नाही. आकाशवाणीवर १९५२ पासून रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा, आणि आमच्या आधीच्या पिढीने तो तळहाताएवढ्या स्पीकरच्या रेडिओवर ऐकला. त्या स्पीकरमधून ७३ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नव्हतं. तरी खर्जाची तार त्यांना ऐकू येत होती, कारण तिचे वरचे उपस्वर कानावर पडले की मूळ सूर मेंदू स्वतः जुळवतो. कमी खर्ज कान भरून काढतो. जास्त झालेला खर्ज कान कमी करू शकत नाही. म्हणून जिथे शंका असेल तिथे कमीच्या बाजूने झुकावं, हे माझं मत पक्कं झालं आहे.

तेव्हा तुमच्या घरी गाणं घुमत असेल तर एखाद्या मोकळ्या दुपारी, घरातल्यांना सांगून, एवढं करा. मुखोद्गत असलेली एक ख्यालाची ध्वनिफीत लावा, सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, भोकात मोजा घाला, कोपऱ्यात गाद्या उभ्या करा, आणि प्रत्येक बदलानंतर खाली बसून डग्ग्याकडे लक्ष द्या. खालच्या मजल्यावर जाऊन पेले किणकिणतात का तेही विचारा. नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा विचार त्यानंतर करा. त्याआधीच्या या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही.